भरलेली कोठारे आणि पानांचा मांडव

(अभ्यासपाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : लेवीय २३:३३–४३, यशया ३८ व ३९, लूक १२:१३–२१, २ तीमथ्य ४:६–२१.

पाऊस सरला, आकाश धुतल्यासारखे निळे झाले, कोकण, गोवा व बेळगावकडील भात पिवळे पडू लागले, माळव्यात सोयाबीन कापणीला आले, म्हणजे शरद ऋतू आला असे आपण समजतो. वर्षभराच्या कष्टाचे फळ हाती येण्याचा हा काळ. काही मंडळ्यांतून याच सुमारास हंगामाची उपकारस्तुती होते. व्यासपीठापुढे भोपळे, केळी, नारळ, तांदूळ मांडले जातात, आणि उपासना संपल्यावर आवारात त्यांचा लिलाव होतो. मुलांना हा रविवार फार आवडतो.

याच दिवसांत आणखी एक हंगाम जोरात असतो, तो बाजाराचा. दसरा आला, दिवाळी आली, पाठोपाठ आपला नाताळ आला. वर्तमानपत्राची पहिली पाने जाहिरातींनी भरतात. हातातला फोन तर दिवसातून दहा वेळा सांगतो की तुमच्या घरी अमुक नाही, तमुक जुने झाले, आज घ्या, पैसे हप्त्याने द्या. आपल्या मंडळीतील कुटुंबे या हाकेपासून दूर आहेत असे कोणी समजू नये. घरभेटींना गेलो असता आम्हांला दिसते की ज्या घरात दशांशासाठी पैसे उरत नाहीत त्या घरात तीन-तीन वस्तूंचे हप्ते चालू असतात, आणि त्या घरातील मायबाप रात्री नीट झोपत नाहीत.

शरद ऋतूची तिसरीही एक बाजू आहे. याच ऋतूत पुष्कळ देशांत पान पिवळे होऊन गळू लागते. भरलेले खळे, भरलेला बाजार आणि गळणारे पान, या तीन गोष्टी एकत्र ठेवून पवित्र शास्त्र आपणांस काय शिकवते हे या पाठात पाहावयाचे आहे.

१. भरल्या घरातून मांडवात

लेवीयाच्या तेविसाव्या अध्यायात परमेश्वराने नेमून दिलेल्या सणांची यादी आहे. त्यांतील शेवटचा मांडवांचा सण. तो सातव्या महिन्याच्या पंधराव्या दिवशी सुरू होई व सात दिवस चाले. आपल्या पंचांगाप्रमाणे हा काळ बहुधा सप्टेंबरची अखेर किंवा ऑक्टोबर असा येतो. खळ्यातील धान्य व कुंडातील द्राक्षारस यांची साठवण झाल्यावर हा सण पाळावा, असे अनुवादाच्या सोळाव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे.

आता गंमत पाहा. कोठार भरलेले आहे, घर पक्के आहे, वर्षभराची काळजी मिटली आहे. अशा वेळी कोणताही मनुष्य घरात आरामात बसेल. पण देव म्हणतो, घराबाहेर या, फांद्या तोडून आणा, मांडव घाला, आणि सात दिवस त्यात राहा. नहेम्याच्या आठव्या अध्यायात लोकांनी जैतून, मेंदी, खजूर आणि दाट पानांची झाडे यांच्या फांद्या डोंगरावरून आणून धाब्यांवर व अंगणांत मांडव घातल्याचे वर्णन आहे. यहूदी लोक आजही हा सण पाळतात. छप्पर तोडलेल्या फांद्या-पानांचेच असावे, आणि ते इतके विरळ असावे की रात्री त्यातून तारे दिसावेत, अशी त्यांची रीत आहे. मुंबईतील मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजाच्या सभास्थानांच्या आवारांतही असे मांडव घातले जातात.

तोडलेली पाने सात दिवस हिरवी राहत नाहीत. पहिल्या दिवशी टवटवीत असलेला मांडव चौथ्या दिवशी कोमेजतो व सातव्या दिवशी त्याची पाने अंगावर गळू लागतात. भरल्या घरचा धनी आपल्या मुलाबाळांना घेऊन त्या सुकत्या पानांखाली जेवत असे. आम्ही अरण्यात प्रवासी होतो, आमच्याजवळ काही नव्हते, आणि तरीही परमेश्वराने आम्हांला सांभाळले, याची आठवण त्याला तेथे होई. कित्येक यहूदी सभास्थानांत याच सणाच्या शब्बाथ दिवशी उपदेशकाचे पुस्तक वाचण्याची प्रथा आहे. सर्व काही व्यर्थ आहे असे सांगणारे पुस्तक वर्षातल्या सर्वांत आनंदाच्या सणात वाचावे, यात मोठे शहाणपण आहे.

हा दुःखाचा सण नव्हता हेही ध्यानात ठेवले पाहिजे. आनंद कर, अशी तेथे आज्ञाच आहे. मात्र तो आनंद एकट्याचा नव्हे. मुलगा, मुलगी, दास, दासी, लेवी, उपरा, पोरका आणि विधवा ही सारी मंडळी त्या आनंदात सामील असावीत असे लिहिले आहे. ज्याला मांडव आठवतो त्याच्या ताटाभोवती माणसे बसतात.

२. कोठारे मोठी करणारा मनुष्य

आता लूकाचा बारावा अध्याय उघडा. दोन भावांतील वाटणीचा तंटा प्रभूपुढे आला, आणि त्यावरून प्रभूने हा दाखला सांगितला. एका धनवान मनुष्याच्या जमिनीला भरघोस पीक आले. त्याने चोरी केली नाही, कोणाला लुबाडले असेही लिहिलेले नाही. पीक हे देवाचेच देणे होते. मग तो मूर्ख का ठरला?

त्याचे बोलणे लक्षपूर्वक वाचले म्हणजे उत्तर सापडते. तो देवाशी बोलत नाही, बायकोशी नाही, शेजाऱ्याशी नाही. तो केवळ स्वतःशी बोलतो. माझे पीक, माझी कोठारे, माझे धान्य, माझा जीव, असे 'माझे, माझे' त्याच्या तोंडी सारखे येते. हंगामाच्या दिवसांत देवाने सांगितले होते की मांडवात या. हा म्हणतो, कोठार पाडतो आणि मोठे बांधतो. त्याने पुष्कळ वर्षांचा हिशेब केला. त्याच रात्री त्याचा जीव मागितला गेला. हे सारे कोणाचे होईल, हा देवाचा प्रश्न वाटणीसाठी भांडणाऱ्या त्या भावाच्या मनाला किती झोंबला असेल!

आजचे कोठार निराळे आहे. त्या मनुष्याजवळ निदान पीक तरी होते. आज पुष्कळजण अजून न आलेल्या पिकावर कोठार बांधतात. पुढील तीन वर्षांचा पगार आजच्या वस्तूत घातला जातो. शिवाय त्या वस्तू टिकाव्यात अशी त्या बनवणाऱ्यांचीही इच्छा नेहमी असतेच असे नाही. याचे एक प्रसिद्ध ऐतिहासिक उदाहरण आहे. १९२४ साली जगातील विजेच्या दिव्यांच्या बड्या कारखानदारांनी जिनीव्हा येथे 'फीबस' नावाचा संघ स्थापन केला. त्या वेळचे पुष्कळ दिवे दीड-दोन हजार तास जळत. संघाने ठरवले की दिवा सुमारे एक हजार तासच जळावा. ज्या कारखान्याचा दिवा अधिक टिके त्याला दंड भरावा लागे! हा संघ दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मोडला. चांगली वस्तू करता येत असता मुद्दाम अल्पायुषी करावयाची, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा दारात येईल, ही त्यामागील युक्ती. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील लिव्हरमोर गावी आग विझविणाऱ्यांच्या ठाण्यात एक दिवा १९०१ सालापासून मंदपणे जळत आहे. तो पाहावयास लोक दुरून येतात.

वस्तू लवकर मरावी अशी व्यवस्था बाजार करतो, आणि मनुष्याला मात्र आपण मरणार हे विसरावयास लावतो. पांढरा केस दिसू नये, सुरकुती दिसू नये, म्हातारपण उंबऱ्याबाहेर राहावे, यासाठी किती बाटल्या विकल्या जातात! हे विस्मरण आता कबरस्तानापर्यंत पोहोचले आहे. कोणाच्या कबरीवर किती चकचकीत दगड बसला यावरून नातेवाइकांत तुलना चालते, आणि ज्या आईच्या जिवंतपणी औषधाला हात आखडला तिच्या कबरीवर कर्ज काढून ग्रॅनाइट बसते.

३. पान कसे गळते

आता या सर्वांपुढे देवाने निर्माण केलेले एक झाड ठेवा. काश्मिरात शरद ऋतूला 'हरूद' म्हणतात. तेथील चिनार ऑक्टोबर-नोव्हेंबरात आधी पिवळा, मग नारिंगी, मग निखाऱ्यासारखा लाल होतो. आपल्याकडे दख्खनवर व माळव्यात खरी पानगळ थोडी उशिरा, थंडीच्या अखेरीस व उन्हाळ्याच्या तोंडावर होते. साग, सावर, पळस, पिंपळ आपापल्या वेळी पाने टाकतात. थंड देशात दिवस लहान होऊ लागला व थंडी वाढली की, आणि आपल्याकडे मुख्यतः पाणी कमी पडू लागले की, झाड पाने सोडते.

हे पान वाऱ्याने तुटते असे आपण समजतो, पण तसे नाही. झाड आधी पानातील हिरवा रंग मोडते आणि त्यातील नत्र, स्फुरद यांसारखी उपयोगी द्रव्ये खोडात परत घेते. पिवळा रंग त्या वेळी नव्याने येत नाही. तो उन्हाळाभर पानात होताच. हिरव्याखाली झाकला होता, तो आता दिसतो. लाल रंग मात्र बहुधा त्याच दिवसांत नव्याने तयार होतो. मग देठाच्या बुडाशी पेशींचा एक नाजूक थर तयार होतो. तेथून पान अलगद सुटते, आणि मागे राहिलेली जखम झाडाने आधीच बुजवलेली असते. हिरवे पान ओढून तोडा, साल सोलून येते. पिकले पान बोट लावताच हातात येते.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पान गळते तेव्हा बहुधा त्याच्या देठापाशी पुढच्या पालवीचा डोळा आधीच बसलेला असतो. आणि पळस तर आपले सगळे वैभव पाने गेल्यावरच दाखवतो. फाल्गुनात तो निष्पर्ण उभा असतो आणि उघड्या फांद्यांवर केशरी फुले पेटतात.

उन्हाळ्यात सर्व पाने धरून ठेवीन असे झाडाने म्हटले तर त्या पानांतून पाणी उडून जाईल आणि झाड वाळेल. सोडून देणे हा त्याचा पराभव नव्हे. त्यातच त्याचे जगणे आहे. आपल्या मंडळीतील वृद्धांकडे आपण या दृष्टीने पाहिले पाहिजे. कामाचा, नोकरीचा, मानाचा हिरवा रंग उतरला म्हणजे आत काय होते ते दिसू लागते. ज्याच्या आत प्रार्थना होती त्याची प्रार्थना दिसते. ज्याच्या आत कुरकुर होती त्याची कुरकुर दिसते. तो रंग सत्तराव्या वर्षी विकत आणता येत नाही. तो चाळिशीतच पानात असावा लागतो, हे आम्हां मधल्या वयाच्या लोकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

४. हिज्कीयाची पंधरा वर्षे

येथे एक प्रामाणिक प्रश्न उभा राहतो. मरण स्वीकारणे म्हणजे विश्वास सोडणे नव्हे काय? आजाऱ्यासाठी प्रार्थना करावी असे याकोबाने सांगितले आहे. मग अखेरपर्यंत बरे होण्याचीच प्रार्थना करावी, मरणाचे नाव काढू नये, असे पुष्कळांना वाटते.

यशयाचे अध्याय ३८ व ३९ एकत्र वाचा. हिज्कीया राजा मरणाला टेकला. संदेष्ट्याने त्याला सांगितले, घराची व्यवस्था कर, तू मरणार. राजाने भिंतीकडे तोंड करून अश्रू ढाळीत प्रार्थना केली, आणि दयाळू देवाने त्याला पंधरा वर्षे वाढवून दिली. तेव्हा आयुष्य मागणे हे पाप नाही. देव ऐकतो, आणि अंजिराच्या लेपासारखे साधे औषधही वापरतो. आम्ही हे मनापासून मानतो, आणि आजाऱ्याच्या खाटेजवळ बरे होण्यासाठी अवश्य प्रार्थना करतो.

पण पुढचा अध्याय बहुधा वाचावयाचा राहून जातो. वाढवून मिळालेल्या त्या वर्षांत बाबेलच्या राजाचे दूत भेट घेऊन आले, आणि हिज्कीयाने त्यांना काय दाखवले? सोने, रुपे, सुगंधी द्रव्ये, उंची तेल, शस्त्रागार. भांडारातील एकही वस्तू त्याने दाखवावयाची ठेवली नाही. ज्या देवाने आपल्याला मरणातून उठवले त्याच्याविषयी त्याने त्या परक्यांना काही सांगितल्याचा तेथे उल्लेख नाही. हे सारे एक दिवस बाबेलास जाईल, असे यशयाने सांगितले तेव्हा, माझ्या दिवसांत तरी शांती राहील, यातच त्याने समाधान मानले. त्याच्यामागे गादीवर आलेला मनश्शे बारा वर्षांचा होता, म्हणजे त्या वाढीव वर्षांतच जन्मलेला. आणि तो यहूदाच्या अत्यंत दुष्ट राजांपैकी एक झाला. घराची व्यवस्था कर, हा शब्द राजाने प्रार्थनेच्या भरात मागे टाकला की काय, असे वाटल्यावाचून राहत नाही.

आयुष्य वाढले म्हणजे कृपा वाढली असे नव्हे. वाढलेले आयुष्य कशासाठी, हा खरा प्रश्न आहे. देवाने दहा वर्षे दिली आणि आपण ती आपले भांडार पाहुण्यांना दाखवण्यात घालवली, तर काय मिळवले?

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध भगिनी, शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका, कर्करोगाने आजारी होत्या. घरोघरीच्या प्रार्थनासभेत सगळे जण त्यांच्या बरे होण्यासाठी प्रार्थना करीत. एके दिवशी त्यांनी पेटी उघडून कपडे, पुस्तके, भांडी वाटावयास काढली. मुलगा रडकुंडीला आला.

"आई, असं अभद्र करू नकोस. देव तुला बरं करणार आहे."

"करील तर त्याची स्तुती," त्या म्हणाल्या. "पण बाळा, सामान बांधलं म्हणून गाडी लगेच सुटत नाही. मात्र सुटायच्या वेळी धावपळ होत नाही."

एका बहिणीला हे अविश्वासाचे बोलणे वाटले व त्यांनी तसे बोलून दाखवले. त्यावर काकू शांतपणे म्हणाल्या, "अगं, मी देवाला सोडत नाही, पेटीला सोडते आहे." पुढे त्या चार महिने जगल्या. शिवणयंत्र शेजारच्या मुलीला गेले. वाण्याची उधारी फिटली. दफनविधीच्या वेळी कोणते गीत म्हणावे तेही त्यांनी सांगून ठेवले. नंतर त्यांचा मुलगा आम्हांला म्हणाला, "आईनंच विषय काढला म्हणून बरं झालं. नाहीतर आम्ही शेवटपर्यंत एकमेकांशी खोटंच बोलत राहिलो असतो." कितीतरी ख्रिस्ती घरांत आजारी मनुष्याला सर्व कळलेले असते, घरच्यांनाही कळलेले असते, आणि तरी खोट्या हसण्याची भिंत मध्ये उभी असते. हे विश्वासाचे लक्षण नव्हे, भीतीचे आहे.

५. पौलाचा झगा

तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राचा चौथा अध्याय म्हणजे पिकलेल्या पानाचा रंग होय. प्रेषित तुरुंगात आहे. आपण पेयार्पणासारखे ओतले जात आहोत, निघण्याची वेळ आली आहे, हे तो स्वच्छ लिहितो. 'निघणे' या अर्थी त्याने वापरलेल्या ग्रीक शब्दात दोर सोडण्याचा अर्थ आहे. नांगरलेल्या तारवाचे दोर सोडावेत किंवा उभारलेल्या तंबूचे. पौल स्वतः तंबू करणारा होता. देहाला तो दुसरीकडे तंबूच म्हणतो (२ करिंथ ५:१). मांडवांच्या सणाचा धडा त्याच्या अंगी किती भिनला होता!

आणि त्याची मालमत्ता किती? त्रोवसात कार्पाजवळ राहिलेला एक झगा, काही पुस्तके, आणि विशेषेकरून चर्मपत्रे. एवढी त्याची यादी. तो झगा त्याला का हवा हेही पत्रातच सूचित आहे: हिवाळ्यापूर्वी येण्याचा यत्न कर, असे तो लिहितो. त्या काळी साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत भूमध्य समुद्रावर तारवे फारशी चालत नसत. म्हणजे शरदात आला नाही तर तीमथ्य वसंतापर्यंत येणार नाही, आणि तोवर पौल असेल की नसेल!

येथे दोन गोष्टी शिकाव्या. पहिली, ख्रिस्ती मनुष्य वस्तूंचा तिरस्कार करीत नाही. मरणाच्या दारात उभा असलेला संत ऊब देणारा झगा मागतो व त्यात कमीपणा मानीत नाही. गरजेची वस्तू हे देवाचे दान आहे. दुसरी, तो वस्तूंपेक्षा माणसे अधिक मागतो. तू लवकर ये, मार्काला घेऊन ये, लूक तेवढा माझ्याजवळ आहे. ज्या मार्कावरून पूर्वी बर्णबाशी तीव्र मतभेद झाला होता, त्याच मार्काला तो आता बोलावतो. जुना तंटा गळून पडला आहे.

आपल्या मराठी मंडळीलाही असे उदाहरण लाभले आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावी मुक्तिसदनाचे मोठे काम उभारले आणि मूळ भाषांवरून पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर करण्यास आयुष्याची शेवटची वर्षे दिली. जिच्यावर पुढील कामाची आशा होती ती त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा जुलै १९२१ मध्ये वारली. त्यानंतरही बाई भाषांतराच्या कामाला चिकटून राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण पवित्र शास्त्र छापून बाहेर पडले ते १९२४ साली. ते पाहण्यास बाई नव्हत्या. पान गळाले, पण डोळा आधीच बसला होता.

६. येथे झाडाचा दाखला संपतो

झाडाचा दाखला चांगला आहे, पण तो शेवटपर्यंत ताणू नये. गळलेले पान पुन्हा त्या फांदीवर येत नाही, दुसरे येते. सृष्टीत असेच चालते, तुम्हीही निमूट गळा, एवढेच सांगावयाचे असते तर ख्रिस्ती सुवार्तेची गरज नव्हती. पवित्र शास्त्र मरणाला सुंदर म्हणत नाही. ते त्याला शेवटचा शत्रू म्हणते (१ करिंथ १५:२६). लाजाराच्या कबरेजवळ आपला प्रभू रडला. म्हणून ज्याचे माणूस गेले आहे त्याला पानगळीची गोष्ट सांगून गप्प करू नये, त्याच्याबरोबर रडावे.

आपली आशा ऋतुचक्रावर नाही, उठलेल्या प्रभूवर आहे. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मरतो व पुष्कळ पीक देतो, असे प्रभू आपल्या मरणापूर्वी म्हणाला, आणि तिसऱ्या दिवशी ते खरे करून दाखवले. आपण जे सोडतो ते हरवत नाही, कारण ज्याच्या हाती सोडतो तो जिवंत आहे. मांडवांच्या सणाच्या शेवटच्या मोठ्या दिवशीच येशूने उभे राहून तान्हेल्यांना आपणाकडे बोलावले (योहान ७:३७). बाजार आपली तहान वाढवून जगतो. प्रभू ती भागवतो, आणि तिचा हप्ता मागत नाही.

७. घरी करावयाच्या गोष्टी

(अ) गरजेपलीकडील मोठी वस्तू घेण्यापूर्वी एक महिना थांबावे, आणि पतिपत्नींनी मिळून एक प्रश्न विचारावा: हिच्या हप्त्यासाठी कोणाचा वाटा कमी होणार? म्हाताऱ्या आईचा, मुलांच्या शिक्षणाचा, की प्रभूचा?

(ब) घराची व्यवस्था करावी, म्हणजे मृत्युपत्र लिहावे. भारतीय वारसा कायदा १९२५ प्रमाणे सर्वसाधारणपणे मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही व दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही. धर्मादायासाठी मृत्युपत्राने देणगी देण्यावर ख्रिस्ती लोकांना जी खास बंधने होती ती सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली रद्द ठरवली. गोव्यातील वारसाचा कायदा निराळा आहे; तेथील बंधुभगिनींनी स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा. भावंडांतील किती कोर्टकज्जे एका कागदाने टळतील!

(क) शेवटच्या आजारात कोणते उपचार हवेत व कोणते नकोत, हे आपल्या माणसांना शुद्धीवर असतानाच सांगून ठेवावे. अशी इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला असून २०२३ साली त्याची रीत सोपी केली आहे. देवाने दिलेला जीव आपण घेत नाही. पण यंत्रांच्या आधाराने तो ओढून धरणे हेच प्रत्येक वेळी विश्वासाचे काम असते असेही नाही. याविषयी डॉक्टरांशी व पाळकसाहेबांशी मोकळेपणी बोलावे.

(ड) ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याला हिवाळ्यापूर्वी पत्र लिहावे किंवा फोन करावा. पौलाने मार्काला बोलावले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांसाठी

उपकारस्तुतीच्या रविवारी वर्गात मुलांकडून ताज्या फांद्यांचा एक लहान मांडव करवून घ्यावा. तो तसाच ठेवावा. पुढील रविवारी मुलांना त्याखाली बसवून सुकलेली पाने हाती द्यावी व लेवीय २३:४२–४३ वाचावे. मग प्रत्येकाने घरून आणलेला खाऊ मध्ये ठेवून सर्वांनी वाटून खावा. मोठ्या मुलांना झाडाखालील पिकले पान व फांदीवरील देठाची खूण दाखवावी, आणि शेजारचा डोळा शोधावयास लावावा. मुलांना मरणाची भीती घालू नये. एखाद्या मुलाच्या घरी नुकताच मृत्यू झाला असेल तर त्याच्याशी आधी एकटे बोलावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. लूक १२ मधील धनवानाने कोणाकोणाशी बोलावयास हवे होते? आपण मोठा खर्च करताना कोणाशी बोलतो?

२. हिज्कीयाच्या जागी आपण असतो व पंधरा वर्षे वाढवून मिळाली असती, तर त्यांचा उपयोग कसा केला असता?

३. पौलाच्या यादीप्रमाणे आपली यादी केली तर तीत कोणत्या तीन वस्तू व कोणती तीन माणसे येतील?

४. आपल्या मंडळीत आजारी व वृद्ध माणसांशी मरणाविषयी कोणी बोलते काय? बोलत नसल्यास का?

प्रार्थना

हे देवबापा, तू आमची कोठारे भरलीस म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. भरल्या घरातही आम्हांला मांडवाची आठवण राहू दे. जे धरावयाचे ते घट्ट धरावयास आणि जे सोडावयाचे ते वेळेवर सोडावयास आम्हांला शिकव. आमच्यातील जे आज आजाराच्या अंथरुणावर आहेत त्यांना तुझी ऊब मिळो, आणि त्यांच्याजवळ बसण्याचे धैर्य आम्हांला मिळो. जो मेला होता व आता युगानुयुग जिवंत आहे त्या येशूच्या नावाने मागतो. आमेन.